चूल आणि बियाणें : नैर्ऋत्य चीनमधील डोंगरी लोकांचें अन्न

शेतकीच्या मासिकांत परदेशांतील स्वयंपाकाची माहिती कशासाठीं, असा प्रश्न हा लेख उघडतांच कित्येक वाचकांच्या मनांत येईल. प्रश्न रास्त आहे. तथापि शेतांत कोणतें बीं पेरावयाचें ह्याचा निर्णय केवळ बाजारभाव पाहून होतो असें नाहीं. घरांत कोणत्या धान्याचा कोणता पदार्थ होतो, ह्यावरही तो अवलंबून असतो. ज्या धान्याचा पदार्थ घरांतून गेला, त्याचें बीं कणगींतून जाण्यास फार वर्षें लागत नाहींत. उलट ज्याच्यावांचून सण साजरा होत नाहीं, तें धान्य उत्पन्न कमी देत असलें तरी शेतकरी एखाद्या तुकड्यांत कां होईना, राखून ठेवितो. ह्या गोष्टीचें स्पष्ट उदाहरण चीनच्या नैर्ऋत्य भागांत पाहावयास मिळतें. तेथील शेतकरी व शास्त्रज्ञ ह्यांनीं मिळून १९९८ व १९९९ सालीं जो एक प्रयोग केला, तो भात पिकविणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्याजोगा आहे. परंतु तो नीट कळण्यास आधीं तेथील लोक काय खातात व कां खातात, हें पाहिलें पाहिजे.

१. प्रदेश आणि लोक

ज्या मुलुखाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यांत युन्नान, ग्वेजौ व ग्वांग्शी हे तीन प्रांत आणि सिच्वान प्रांताचा दक्षिणेकडील डोंगराळ भाग येतो. युन्नानच्या वायव्येस तिबेटचें पठार असून दक्षिणेच्या बाजूस म्यानमार, लाओस व व्हिएतनाम हे देश लागून आहेत. ह्या एकाच प्रांतांतील सर्वांत उंच शिखर ६,७४० मीटर आहे, तर व्हिएतनामच्या सरहद्दीवर हेकौ येथें नदीकांठची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम ७६ मीटर उंचीवर आहे. एकाच प्रांताच्या एका टोकास बर्फ आणि दुसऱ्या टोकास केळीचीं बनें असल्यावर सर्वांचें अन्न एकसारखें कसें असणार? शेजारच्या ग्वेजौ प्रांताविषयीं तर अशी म्हण आहे कीं, तेथें ओळीनें तीन दिवस ऊन पडत नाहीं, आणि तीन लि, म्हणजे दीड किलोमीटरही, सलग सपाट जमीन सांपडत नाहीं.

चीनच्या सरकारनें एकंदर ५६ लोकसमाज मान्य केले आहेत. त्यांपैकीं हान समाज बहुसंख्य आहे. युन्नान प्रांतांत हानांखेरीज पांच हजारांहून अधिक वस्ती असलेले २५ समाज राहतात. प्रत्येकाची बोली, पोषाख व देवधर्म निराळा. आणि पुष्कळदां डोंगराच्या एकेका उंचीवर एकेका समाजाची वस्ती. त्यामुळें चुलीवरील पदार्थही निरनिराळे आहेत.

२. उंचीप्रमाणें अन्न

वाचकांनीं आमच्याबरोबर ह्या डोंगरांच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरत यावें, म्हणजे हा भेद सहज ध्यानांत येईल.

युन्नानच्या वायव्य कोपऱ्यांत, तीन हजार मीटरांच्या वर, तिबेटी लोकांची वस्ती आहे. तेथें भाताचें नांव नको. जव हेंच मुख्य पीक. जव भाजून त्याचें पीठ करितात. चहाच्या काढ्यांत लोणी व मीठ घालून तो उभ्या लांकडी नळकांड्यांत घुसळतात, आणि त्या चहांत हें पीठ हातानें मळून त्याचे गोळे खातात. ज्यांना आपल्याकडील सातूचें पीठ ठाऊक आहे, त्यांना हा पदार्थ फारसा परका वाटणार नाहीं. चहा मात्र त्या थंडींत होत नाहीं. तो युन्नानच्या दक्षिणेकडील उष्ण डोंगरांतून, दाबून वड्या बांधून, खेंचरांच्या पाठीवर शेंकडों वर्षें तिकडे जात असे, आणि त्याच्या मोबदल्यांत तिबेटकडून घोडे येत.

सिच्वानच्या दक्षिणेस लियांगशान नांवाचे डोंगर आहेत. तेथें यी लोक राहतात. जमीन हलकी व हवा थंड असल्यामुळें त्यांचें जुनें धान्य म्हणजे कुट्टू; तोही साधा नव्हे, तर कडू जातीचा. उत्तर हिंदुस्थानांत उपवासाला जो कुट्टू खातात, त्याचाच हा भाऊबंद. त्याच्या पिठाच्या जाड भाकरी व गोळे करून ते वाफवितात किंवा निखाऱ्यावर भाजतात, आणि कडवटपणा मारण्यास जोडीला मध घेतात. अमेरिका खंडांतून आलेला बटाटा ह्या डोंगरांत इतका रुजला आहे कीं, आज कुट्टूच्या बरोबरीनें तोही त्यांचें मुख्य अन्न झाला आहे.

आणखी खालीं, सुमारें दोन हजार मीटर उंचीवर, दाली गांवाजवळ एक मोठें सरोवर आहे. त्याच्या आसपास बाय लोकांची जुनी वस्ती आहे. चीनमधील बहुतेक हान लोकांच्या जुन्या स्वयंपाकांत दुधास स्थान नव्हतें. परंतु बाय लोक गाईच्या दुधाचा एक विलक्षण पदार्थ करितात. आदल्या खेपेचें दूध नासून उरलेलें आंबट पाणी कढईंत तापवून त्यांत पळीभर ताजें दूध ओतावयाचें. दूध फाटून त्याचा मऊ गोळा झाला, कीं तो दाबून चपटा करावयाचा, आणि गरम असतांनाच हातानें ओढून लांबवून बांबूच्या दोन काठ्यांवर गुंडाळून वाळत घालावयाचा. वाळल्यावर त्याचे पंख्याच्या आकाराचे पातळ पापुद्रे होतात. ते तळून अथवा निखाऱ्यावर शेकून, कित्येकदां गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा लावून खातात. ज्या काळीं नासक्या मालास बर्फाची पेटी नव्हती, त्या काळीं दूध महिनोन्महिने टिकविण्याची ही युक्ति होती. त्याच प्रांतांत शिलिन भागांतील यी लोक शेळीच्या दुधाचा, आपल्या पनीरासारखा दाबलेला गोळा करितात. त्याच्या फोडी तळून मिठाबरोबर खातात.

दक्षिणेस, लाल नदीच्या खोऱ्यावरील उतारांवर हानी नांवाच्या लोकांनीं डोंगरच्या डोंगर पायऱ्यांसारखे कापून भातखाचरें केलीं आहेत. माथ्यावर जंगल राखावयाचें, त्याच्या खालीं गांव, गांवाखालीं खाचरें आणि सर्वांत खालीं नदी, अशी त्यांची रचना आहे. जंगलांतील झऱ्यांचें पाणी गांवांतून, तेथील खतमातीसह, एका खाचरांतून दुसऱ्या खाचरांत उतरत जातें. हीं खाचरें २०१३ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घेतलीं गेलीं. तेथें पिकणारा तांबडा तांदूळ आणि आंबविलेल्या सोयाबीनचा ठेचा हें त्यांच्या रोजच्या जेवणाचें अंग आहे.

अगदीं तळाशीं, मेकाँग नदीच्या खोऱ्यांत, शिश्वांगबान्ना प्रदेशांत ताय लोक राहतात; चिनी भाषेंत त्यांस ‘दाइ’ म्हणतात. येथें केळफूल, बांबूचे कोंब, गवती चहा आणि रानांतील अनेक पालेभाज्या स्वयंपाकांत येतात. मासा पाठीकडून चिरून त्यांत कोथिंबीर, लसूण, मिरची भरावयाची, गवती चहाच्या पातीनें बांधावयाचा व चिरलेल्या बांबूच्या चिमट्यांत धरून भाजावयाचा, हा त्यांचा आवडता प्रकार. नदीच्या खडकांवरील हिरवें शेवाळ धुऊन, त्याच्या पातळ चकत्या वाळवून, तींही तळून खातात. हे लोक खातात तो भात मात्र चिकट जातीचा. त्याविषयीं पुढें सविस्तर सांगावयाचेंच आहे.

३. आंबट कां खातात?

ग्वेजौ प्रांतांतील म्याओ व दोंग ह्या समाजांत आंबट पदार्थांचें फार महत्त्व आहे. तीन दिवस आंबट मिळालें नाहीं तर चालतांना पाय लटपटतात, असें तेथें थट्टेनें म्हणतात. ह्याचें मूळ गरजेंत आहे. ग्वेजौ प्रांतांत मिठाच्या खाणी नाहींत व समुद्रही दूर. मीठ येई तें सिच्वानमधील खाऱ्या विहिरींतून, कांहीं होड्यांनीं व कांहीं हमालांच्या पाठीवरून. गरिबास तें परवडत नसे. तेव्हां जेवणास चव आणण्यास व नासणारा माल टिकविण्यास लोकांनीं आंबविण्याची कला वाढविली. अमेरिकेंतून समुद्रमार्गें आलेली मिरची ह्या प्रांतांत पोंचली, तेव्हां तीही मिठाऐवजीं वापरली जाऊं लागली. १८ व्या शतकाच्या आरंभींच्या तेथील एका जिल्हावृत्तांतांत तशी नोंद आहे.

म्याओ लोकांचें आंबट कट दोन प्रकारचें असतें. पांढरें कट तांदुळाच्या धुवणाचें अथवा पेजेचें. तें उकळून, निववून, जुन्या कटाचें विरजण लावून उबदार जागीं ठेविलें म्हणजे कांहीं दिवसांत आंबतें. तांबडें कट लहान टोमॅटो, ताजी लाल मिरची, आलें, लसूण व थोडें मीठ एकत्र ठेचून बरणींत भरून करितात. ह्या बरणीची घडण शेतकऱ्यानें पाहण्यासारखी आहे. तिच्या तोंडाभोंवतीं एक पन्हळ असते. झांकण उपडें घालून पन्हळींत पाणी ओतलें म्हणजे आंबण्यानें उत्पन्न होणारा वायु बुडबुडे होऊन बाहेर जातो, परंतु बाहेरची हवा आंत शिरत नाहीं. त्यामुळें बुरशी धरत नाहीं. ह्या कटांत भातखाचरांतील ताजा मासा शिजवितात.

दोंग लोक मासा आंबवून टिकवितात. मासा चिरून साफ करून मिठांत मुरवितात. नंतर वाफविलेला चिकट भात, मिरची, आलें व मिरीसारखें एक सुवासिक फळ ह्यांचें मिश्रण त्याच्या आंतबाहेर चोळून लांकडी पिंपांत थरावर थर लावितात व वर जड दगड ठेवितात. भात आंबून त्याची आंबटाई माशास टिकविते. कांहीं महिन्यांनीं मासा खाण्यायोग्य होतो, आणि कित्येक घरांत लग्नकार्यासाठीं वा उत्तरक्रियेसाठीं तो वर्षानुवर्षें राखून ठेवितात. वर सांगितलेलें सुवासिक फळ आपल्या तिरफळाच्या कुळांतील आहे. कोंकणांतील वाचकांस त्याचा जिभेस झिणझिण्या आणणारा गुण सांगावयास नकोच.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ह्या पिंपांत मासा आहे तोही भातशेतांतला, आणि भात आहे तोही चिकट जातीचा. पदार्थ एक, पण त्यासाठीं शेतांत दोन गोष्टी टिकाव्या लागतात.

४. चिकट तांदूळ म्हणजे काय?

आंबेमोहोर किंवा इंद्रायणी ह्यांसारख्या आपल्याकडील कांहीं जातींचा भात शिजल्यावर मऊ व कांहींसा चिकट होतो. परंतु येथें सांगावयाची जात त्याहून अगदीं निराळी. तांदुळांतील पिष्ट दोन प्रकारचें असतें : एक अमायलोज व दुसरें अमायलोपेक्टिन. साध्या तांदुळांत दोन्ही असतात. चिकट तांदुळांत पहिलें जवळजवळ नसतेंच, म्हणून तो शिजला कीं शितें एकमेकांस धरून राहतात. कच्चा दाणा अर्धपारदर्शक न दिसतां खडूसारखा पांढरा दिसतो. शंका असल्यास दाणा तोडून त्यावर आयोडीनच्या अर्काचा थेंब टाकावा. साधा तांदूळ निळसर काळा पडेल. चिकट जातीचा तांबूस तपकिरी होईल.

हा तांदूळ साध्या भाताप्रमाणें पाण्यांत शिजवीत नाहींत, कारण तसें केल्यास त्याचा गिचका होतो. तो रात्रभर भिजत घालून, निथळून, लांकडी वा बांबूच्या पात्रांत वाफवितात. वाफविलेला भात थंड झाला तरी सांडत नाहीं, हातानें गोळा करून नेतां येतो, आणि पोटास आधार दीर्घकाळ राहतो. दिवसभर डोंगरावर राबणाऱ्या माणसास ह्याहून सोयीची शिदोरी कोणती? ताय लोक भिजविलेला तांदूळ कोंवळ्या सुवासिक बांबूच्या पेरांत भरून, केळीच्या पानाचा बोळा लावून, निखाऱ्यांत भाजतात; बांबू सोलला म्हणजे आंतील पातळ पापुद्र्यासह भाताची कांडी हातांत येते. आसामांतही असाच भात बांबूंत भाजण्याची चाल आहे व तेथील चिकट तांदुळास बोरा म्हणतात. तेथील आहोम लोकांचे पूर्वज १२२८ सालीं ज्या ताय मुलुखांतून आसामांत उतरले, तो आजच्या युन्नानच्या सरहद्दीवरच होता, हें वाचकांस येथें आठवेल.

ग्वांग्शी प्रांतांतील च्वांग लोक चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेस मोठा सण करितात. त्या दिवशीं चिकट भात पांच रंगांचा करावयाचा असतो : काळा, तांबडा, पिवळा, जांभळा आणि मूळचा पांढरा. काळ्या रंगासाठीं एका झाडाचीं पानें कुटून त्यांच्या पाण्यांत तांदूळ भिजत घालितात. तांबडा व जांभळा रंग दुसऱ्या एका वनस्पतीच्या पाल्यापासून आणि पिवळा एका झुडपाच्या फुलांपासून काढितात. सणाचा भात केवळ शेतावर नव्हे, तर बांधावरील व रानांतील झाडझाडोऱ्यावरही अवलंबून असतो तो असा.

५. दोंग लोकांचें शेत

चिकट भाताचें आणि शेताचें नातें सर्वांत स्पष्ट दिसतें तें ग्वेजौच्या चोंगच्यांग तालुक्यांतील दोंग लोकांत. ह्यांच्या जुन्या चिकट जाती उंच वाढतात, उशिरां पिकतात, आणि डोंगराच्या सावलींतील थंड पाण्याच्या व खोल चिखलाच्या खाचरांतही तग धरितात. त्यांची कापणी विळ्यानें होत नाहीं. तळहातांत मावेल अशा लहान पात्यानें एकेक लोंबी खुडून, त्यांच्या जुड्या बांधून, गांवाजवळ उभारलेल्या उंच लांकडी मांडवांवर वाळत घालितात. लोंबी खुडतांना उत्तम लोंबी बियाण्यासाठीं वेगळी काढणें ओघानेंच होतें.

ह्याच खाचरांत माशांचीं पिलें सोडतात. मासे मोठे झाले, म्हणजे बदकें खाचरांत सोडतात. आधीं सोडलीं तर तीं पिलें गिळून टाकितील. मासे व बदकें तण आणि कीड खातात, चिखल ढवळतात व त्यांची विष्ठा भातास खत होते. एका शेतांतून भात, मासा व अंडीं तिन्ही घरांत येतात. ह्या पद्धतीस जगांतील महत्त्वाच्या शेतीवारशांपैकीं एक म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०११ सालीं मान्यता दिली. परंतु तिचा आधार पाहिला तर तो उंच भात आणि खाचरांत दीर्घकाळ राहणारें पाणी हाच आहे. बुटक्या जातीचा भात लावून मध्यंतरीं शेत सुकविलें, किंवा त्यावर विषारी औषध फवारलें, तर मासा कोठें राहावा? आणि मासा गेला तर आंबट माशाचें पिंप रिकामें पडावयाचें. एक बीं बदललें कीं त्याच्या पाठोपाठ अशा किती गोष्टी बदलतात, हें पाहण्याजोगें आहे.

६. संकट आणि प्रयोग

चीनमध्यें १९७६ पासून संकरित भाताचा मोठा प्रसार झाला. उत्पन्न वाढलें, कोट्यवधि लोकांच्या पोटास मिळालें. ही गोष्ट कोणीही शेतकरी हलकी मानणार नाहीं. परंतु त्याबरोबर जुन्या चिकट जातींचें क्षेत्र घटत गेलें. त्या जाती उंच असल्यानें लोळतात, उत्पन्न कमी देतात, आणि मुख्य म्हणजे करपा रोगास लवकर बळी पडतात. हा रोग आपल्या कोंकणांतील भातकऱ्यांसही ठाऊक आहे. एका बुरशीमुळें पानांवर डाग पडतात, आणि लोंबीच्या मानेवर रोग आला तर लोंबी पळींज राहते. युन्नानच्या दक्षिण भागांत, दमट व थंड हवेमुळें, चिकट भातावर ह्या रोगाचा जोर इतका असे कीं, वारंवार औषध फवारल्यावांचून पीक हातीं लागत नसे.

आतां अडचण अशी होती. चिकट तांदूळ घरांत हवा होता, मिठाईसाठीं व सणासाठीं बाजारांत त्यास संकरितापेक्षां अधिक भावही होता. परंतु एकट्याचें शेत करावें तर करपा तें खाऊन टाकी. कांहीं शेतकरी आधींपासूनच संकरित भातांत चिकट भाताच्या तुरळक ओळी लावीत. कुनमिंग येथील युन्नान कृषि विद्यापीठांतील चू यौयोंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं, फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहकार्यानें, ही रीत मोठ्या प्रमाणावर पारखून पाहण्याचें ठरविलें. ज्या लाल नदीच्या जिल्ह्यांत हानी लोकांचीं खाचरें आहेत, त्याच जिल्ह्यांतील शिपिंग तालुक्यांत १९९८ सालीं ८१२ हेक्टर, म्हणजे सुमारें २,००० एकर क्षेत्रावर प्रयोग झाला. पुढील सालीं जियानश्वे तालुकाही घेऊन तो ३,३४२ हेक्टर, म्हणजे सुमारें ८,२५० एकरांवर गेला. एखाद्या संशोधन केंद्राच्या गुंठाभर वाफ्यांत नव्हे, तर हजारों शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतांत हा प्रयोग झाला, हें विशेष.

लागवडीची रीत सोपी होती. संकरित भाताच्या चार ओळी आणि त्यांच्यामध्यें उंच चिकट भाताची एक ओळ. ही एकच ओळ कां? कारण त्या भागांत चिकट तांदुळाची जी गरज होती, ती तेवढ्यांत भागत असे. म्हणजे ओळींचें प्रमाण चुलीनें ठरविलें होतें.

परिणाम असा झाला. एकट्या लावलेल्या चिकट भातांत लोंबीवरील करप्याचें प्रमाण सरासरी १०० स २० होतें. मिश्र लागवडींत तें १०० स १ वर आलें. रोगाचा जोर ९४ टक्क्यांनीं घटला. चिकट भाताचें उत्पन्न, तेवढ्याच रोपांच्या एकट्या लागवडीशीं ताडून पाहतां, ८९ टक्क्यांनीं वाढलें. संकरित भाताच्या उत्पन्नांत फारसा फरक पडला नाहीं. एक हेक्टर मिश्र शेतांत जेवढा दोन्ही प्रकारचा भात निघाला, तेवढा निराळ्या शेतांत काढावयाचा तर १.१८ हेक्टर जमीन लागली असती. दुसऱ्या वर्षाअखेर ह्या शेतांत करप्यासाठीं बुरशीनाशक फवारणें बंद झालें. हे निष्कर्ष २००० सालीं ‘नेचर’ ह्या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

ह्याचें कारण कोणत्याही शेतकऱ्यास पटेल असें आहे. करप्याची बुरशी वाऱ्याबरोबर एका रोपावरून दुसऱ्यावर जाते. शेजारचें रोप त्याच जातीचें असेल तर तिला तेथेंच घर मिळतें. शेजारीं दुसऱ्या जातीच्या चार ओळी असल्या म्हणजे बहुतेक बीजकण तेथें वायां जातात. शिवाय चिकट भात संकरितापेक्षां उंच असल्यामुळें त्याच्या लोंब्या वर निघून त्यांस ऊन व वारा मोकळा मिळतो. त्या लवकर सुकतात, आणि ओलावा नसल्यानें बुरशीस फावत नाहीं. जो उंचपणा एकट्या पिकांत दोष होता, तोच मिश्र पिकांत गुण झाला.

७. मर्यादा आणि धडा

उत्साहाच्या भरांत कोणी हा प्रयोग जसाच्या तसा उचलूं नये, म्हणून त्याच्या मर्यादाही सांगतों. युन्नानमधील तें शेत हातानें कापलें जात होतें; उंच ओळ डोळ्यांस दिसे, म्हणून दोन्ही भात वेगळे काढणें सोपें गेलें. यंत्रानें कापणाऱ्यास हें जमणार नाहीं. दोन्ही जाती एकाच सुमारास पिकल्या पाहिजेत. नाहीं तर एक गळून जाईल व दुसरी हिरवी राहील. बियाण्याची भेसळ होऊं न देण्याची खबरदारी लागते. आणि एका प्रदेशांत एका रोगावर गुण आला, म्हणून सर्वत्र सर्व रोगांवर येईलच असें नाहीं.

तथापि ह्या सर्व हकीकतीचें तात्पर्य ह्या मर्यादांनीं कमी होत नाहीं. युन्नानमधील शास्त्रज्ञांस चिकट भाताचें बीं कोठून मिळालें? तें शेतकऱ्यांच्या घरांत होतें. घरांत तें कां होतें? कारण सणाचा व मिठाईचा भात दुसऱ्या बियाण्यानें होत नव्हता. शंभर वर्षांपूर्वींच त्या लोकांनीं तो पदार्थ सोडला असता, तर ओळींत लावावयास तें बींच उरलें नसतें, आणि त्याबरोबर करप्यास आळा घालणारी ही युक्तिही कोणास सुचली नसती. जुनें बीं पूज्य म्हणून राखावें असें आम्ही म्हणत नाहीं; निरुपयोगी तें जाणारच. परंतु उपयोग ठरवितांना केवळ मापानें न मोजतां, तें बीं घरांत काय पुरवितें आणि शेतांत दुसऱ्या पिकास काय देतें, हेंही जमेस धरावें. नव्या बियाण्यास चार ओळी द्याव्या. पण पांचवी ओळ चुलीस विचारून ठरवावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या घरीं वर्षांतील सणांस जे पदार्थ होतात, त्यांपैकीं कोणते विशिष्ट जातीच्या धान्यावांचून होत नाहींत? घरांतील वडील स्त्रियांस विचारून यादी करावी.

२. त्या जातींचें बीं सध्यां आपल्या घरीं आहे कीं विकत आणावें लागतें? गांवांत तें कोणाकडे आहे?

३. अशा एखाद्या जातीचा कोणता दोष, निराळ्या पिकाबरोबर ओळींत लावल्यास, कमी होण्याजोगा आहे? तें चार-पांच गुंठ्यांत लावून पाहावें व दोन्ही भागांचें उत्पन्न निरनिराळें मोजून टिपून ठेवावें.

४. ज्या पिकावर आपण दरसाल औषध फवारतों, त्याच्या शेजारीं दुसरी जात किंवा दुसरें पीक असतां रोग कमी दिसतो काय? हें एका हंगामांत ठरत नाहीं. निदान दोन हंगाम पाहावें.